डबल ट्रॉलीचा सौदा

आमचे तिन्ही खेळ तीन फोनवर चालू करून टेबलावर ओळीनं मांडले होते. नाडगौडांनी त्यातले दोन फोन हलक्या हातानं पालथे घातले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा घेतो आम्ही," ते म्हणाले. "बाकीचे दोन बंद करायचे."

पालथा पडलेला एक फोन इर्शादसमोर होता, दुसरा कुंदाताईंसमोर. उघडा राहिला तो माझा.

खाली मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, त्याची एक मोटर तेव्हाच चालू झाली. टेबलावरच्या कपबशा किणकिणल्या. मी बशीतली बिस्किटं नाडगौडांच्या पुढं सरकवली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं आणि चेहऱ्यावर जे आलं होतं ते त्या दोघांना दिसायला नको होतं.

सांगलीत माधवनगर रस्त्याला, त्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही मोबाइलचे खेळ बनवत होतो. मी आणि इर्शाद मुजावर इंजिनिअरिंगला एका वर्गात. नोकऱ्या सोडून आम्ही हा उद्योग काढला तेव्हा आमच्याकडं दोन कॉम्प्युटर होते आणि दोघांनाही चित्र काढता येत नव्हतं. म्हणून इर्शादनं त्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना गाठलं. कुंदाताई रोकडे. झेडपीच्या शाळांत तीस वर्षं चित्रकला शिकवून त्यांनी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. त्या आल्या, खुर्ची नीट पुसून बसल्या आणि पहिल्याच आठवड्यात आम्हा दोघांच्या भागीदार झाल्या. या गोष्टीच्या वेळेपर्यंत आम्ही नऊ जण झालो होतो.

तिघांचे तीन खेळ, आणि एकाचं दुसऱ्याशी काही नातं नव्हतं. माझा 'डबल ट्रॉली'. उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत न्यायचा. वाटेत चढ, चिखल, लग्नाची वरात, रस्त्यात बसलेल्या म्हशी. वळण चुकलं की मागची ट्रॉली कलंडते आणि मोळ्या रस्त्यावर. इर्शादचा 'अर्धा पत्ता'. त्यात खेळणारा पोस्टमन असतो आणि प्रत्येक पत्रावरचा पत्ता अर्धाच असतो. गावात फिरून, घरं बघून, माणसांचं बोलणं ऐकून ते पत्र कुणाचं हे शोधायचं. कुंदाताईंचा 'परस'. त्यात बी पेरायचं आणि वाट बघायची. भोपळ्याला खऱ्या भोपळ्याइतकेच दिवस लागत. जिंकायचं काही नाही, हरायचंही नाही.

डबल ट्रॉली चाळीस लाख लोकांनी उतरवून घेतला होता. बाकीचे दोन मिळून लाखाच्या घरात. सगळ्यांचे पगार डबल ट्रॉलीतनं निघत, हे कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. मला जरा जास्तच.

अनिरुद्ध नाडगौडा मूळचे बेळगावचे. बेंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीसाठी ते गावोगावचे छोटे स्टुडिओ बघून विकत घेत. माणूस सभ्य होता. त्यांनी अटी मराठीतच, सावकाश सांगितल्या. कंपनी सगळा स्टुडिओ घेणार, नावासकट. मार्चअखेर दोन खेळ बंद होणार. पुढच्या दोन वर्षांत गाडीचेच पाच खेळ करायचे: ट्रक, जेसीबी, एसटी, आणखी दोन मी सुचवीन ते. इर्शाद माझ्या हाताखाली प्रोग्रॅमिंग बघेल. कुंदाताईंसाठी चित्रांचं काम असेलच, म्हणजे बहुतेक असेल.

इर्शादनं एकच प्रश्न विचारला. बंद म्हणजे नवीन पत्रं यायची बंद, की आहे तोही खेळ बंद?

"होय की," नाडगौडा म्हणाले. "पूर्ण बंद. आमचे साहेब म्हणतात, दुकानात एकच माल असला की गिऱ्हाइकाला कळतं कशाला यायचं ते."

रविवारपर्यंत उत्तर द्यायचं ठरलं. तो दिवस गुरुवारचा होता. नाडगौडा तीन दिवस सांगलीतच राहणार होते, कारण त्यांना खरी डबल ट्रॉली बघायची होती; साहेबांना पाठवायला फोटो हवे होते. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. मी म्हटलं, उद्या कारखान्याच्या गाडीतळावर घेऊन जाते.

ते गेल्यावर कुंदाताईंनी पालथा पडलेला फोन उचलला, पदरानं काच पुसली आणि 'परस'मधल्या मिरच्यांना पाणी घातलं. मग म्हणाल्या की त्यांना दळण आणायचं आहे, आणि गेल्या. इर्शाद माझ्याकडं बघून हसला. अभिनंदन, शैलजा, म्हणाला. मनापासून म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं.

पण खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी खुशीत होते. स्कूटरवरनं घरी जाताना दोनदा मोठ्यानं गाणं म्हटलं.

आमचे आप्पा ट्रॅक्टरवर होते. स्वतःचा नव्हे, बागायतदाराचा. अठ्ठावीस हंगाम त्यांनी ऊस ओढला. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर मडगार्डवर बसून कारखान्याला जायची. डबल ट्रॉली मी केला तो त्याच आठवणींतनं. चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं की आप्पा पुढं झुकायचे, तसा माझ्या खेळातला ड्रायव्हरही झुकायचा. पहिला चालू झालेला खेळ मी त्यांच्याच फोनवर घालून दिला होता. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून ते चष्मा नाकावर घेऊन फोनवर काहीतरी करत असत, आणि ते माझाच खेळ खेळत असणार हे मी इतकं गृहीत धरलं होतं की कधी डोकावूनही बघितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना मी त्यांना सगळं सांगितलं. बेंगळुरूची कंपनी, पाच खेळ, सगळं. त्यांना बरं वाटलं. मग मी सहज विचारलं की तुमची डबल ट्रॉली कुठवर आली, घाट पार झाला का.

"कुटला घाट?" आप्पा म्हणाले.

"खेळातला. रोज खेळता ना?"

त्यांनी बशी खाली ठेवली. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"शैले, राग मानू नगंस. अठ्ठावीस हंगाम तेच हाकलं. आता ओसरीवर बसून बी तेच हाकू व्हय?"

मग त्यांनी फोन पुढं केला. कुंदाताईंचा 'परस' होता. त्यांनी भोपळा लावला होता, वेल छपरावर चढवला होता आणि उद्या-परवा फूल येईल असा त्यांचा अंदाज होता. "त्या बाईंनी पानं लई झाक काढल्यात," म्हणाले. "किडलेलं पान सुदीक काढलंय."

राग मानू नको म्हणाले तरी मला राग आला. आप्पांचा, कुंदाताईंचा आणि त्या भोपळ्याचाही. त्याच रागात मी नाडगौडांच्या हॉटेलवर गेले आणि त्यांच्या गाडीतनं आम्ही निघालो.

कारखान्याच्या गाडीतळावर त्या दिवशी दोनेकशे ट्रॅक्टर तरी उभे असतील. वजनकाट्यावर नंबर लागायला आठ-दहा तास लागत. एकामागं एक डबल ट्रॉल्या, वर पाचटाचा ढीग, हवेत मळीचा आंबूस वास. नाडगौडांनी आयुष्यात इतका ऊस एका जागी बघितला नव्हता. लहान मुलासारखे हरखले ते. फोटो काढता काढता एका ड्रायव्हरला त्यांनी विचारलं की डबल ट्रॉली खेळता का.

ड्रायव्हरनं त्यांच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या ट्रॅक्टरकडं बघितलं. "खेळतोय की रोज," म्हणाला. "ह्या हंगामाचं मीटर बघा."

आजूबाजूचे हसले. नाडगौडाही हसले. मी हसले नाही. आप्पांचंच उत्तर दुसऱ्या तोंडातनं आलं होतं.

जरा पुढं गेलो तर एका ट्रॉलीच्या सावलीत सहा-सात माणसं एका फोनभोवती गोल करून बसली होती. मधला माणूस मोठ्यानं वाचत होता. चार शब्द ऐकले आणि मी जागच्या जागी थांबले. ती वाक्यं इर्शादची होती. कुठंही ओळखली असती.

"चिंचेच्या फुडं," तो वाचत होता, "नव्या हिरीच्या अलीकडं, दाराला निळा रंग होता त्या घरी द्यावं."

चिंचेपुढं तीन घरं होती. एकाचं दार निळं, एकाचं तांबडं, एकाला रंगच नाही. माणसं वाद घालत होती. एक म्हणत होता, आधी विहीर कुठली नवी ते बघा, दोन विहिरी दिसतायत. नाडगौडा वाकून बघायला लागले, मग उकिडवे बसले, आणि थोड्या वेळानं न राहवून म्हणाले, "निळं दार समोर दिसतंय की. द्या तिथं."

वाचणाऱ्यानं त्यांच्याकडं मान वर करून बघितलं. बबन शिरतोडे त्याचं नाव, पलूसकडचा.

"साहेब," तो म्हणाला, "'होता' म्हणलंय. 'हाय' न्हाय म्हणलं."

तांबड्या दाराच्या चौकटीचा रंग एका कोपऱ्यात उडाला होता. बबननं बोटांनी चित्र मोठं केलं. उडालेल्या रंगाखाली टिकलीएवढा निळा. ते कुंदाताईंनी रंगवलेलं होतं. त्या टिकलीसाठी त्यांनी इर्शादला दोन दिवस थांबवून ठेवलं होतं हे मला आठवलं. पत्र तांबड्या दारात गेलं आणि आतनं म्हातारी बाहेर आली, तेव्हा त्या सात माणसांनी असा सुस्कारा सोडला की जणू ती कुणाची तरी आत्या होती.

नाडगौडा तिथून दोन तास उठले नाहीत. फोटो राहिले. एका ड्रायव्हरचा नंबर लागला तेव्हा तो ट्रॅक्टरवर चढता चढता सांगून गेला की माझ्या माघारी त्या कासाराच्या पत्राचं काय झालं ते मला फोन करून सांगा.

मी बबनला विचारलं की हा खेळ त्याला कुठं मिळाला. तो म्हणाला, आधी नाव बघून डबल ट्रॉली घेतला होता. दोन दिवस बरा वाटला. मग कंटाळा आला. खाली लिहिलं होतं, 'आमचे दुसरे खेळ', म्हणून दाबून बघितलं. ते पोस्टमनचं निघालं. मग गाडीतळावर सगळ्यांना लागलं त्याचं याड.

नाडगौडांनी त्याला सांगितलं की या बाई त्याच कंपनीच्या आहेत. बबन चटकन उभा राहिला.

"तुमी केलाय ह्यो?"

"माझ्या मित्रानं."

"मग त्येंना सांगा, एकेचाळीस नंबरच्या पत्रात हीर उजवीकडं लिवलीया, ती डावीकडं हाय. आमी तीनदा परत आलो." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "शंभरच पत्रं हायती. पुढची कवा येणार?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मार्चअखेर असलेली शंभरही जाणार होती, आणि नाडगौडा माझ्या शेजारीच उभे होते.

"येतील," मी म्हणाले.

शब्द तोंडातनं गेला आणि मग मला कळलं की आपण काय बोलून बसलो.

परतीच्या वाटेला लागलो. कवलापूरच्या अलीकडं मी नाडगौडांना विचारलं की आज बघितल्यावरही कंपनी तो खेळ बंद करेल का.

"बघा, शैलजाताई," ते म्हणाले, "मी बघितलं म्हणजे कंपनीनं बघितलं असं होत नाही. आमच्याकडं एक तक्ता आहे. त्यात गाडीच्या खेळाचा रकाना मोकळा आहे. तो भरायला मला पाठवलंय. पोस्टमनचा रकानाच नाही, तर मी कुठं लिहू?"

"गाडीचा रकाना आहे ना? मग त्यात गाडी घाला. स्टुडिओ कशाला घालताय?"

त्यांनी गाडी एका रसवंतीपुढं बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"म्हणजे नुसता खेळ? माणसं सोडून?"

"नुसता डबल ट्रॉली. नाव, चित्रं, सगळं तुमचं. इर्शादचा आणि ताईंचा खेळ आमच्याकडं. स्टुडिओही आमच्याकडं."

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून विचार केला. मग म्हणाले की होऊ शकेल. पण रक्कम निम्म्याहून कमी होईल, त्यात तुमचे पगार फार तर दीड वर्ष चालतील, आणि महिन्याला जे येतंय ते उद्यापासून बंद. शिवाय कंपनी लिहून घेईल. पाच वर्षं तुम्ही गाडीचा खेळ करायचा नाही. ट्रॅक्टर नाही, ट्रक नाही, मोटरसायकल नाही, बैलगाडीसुद्धा नाही.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "तुम्हाला दुसरं काही करता येतं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

ते हसले नाहीत. उतरले आणि दोन ग्लास रस घेऊन आले.

शनिवारी सकाळी मी इर्शादला आणि कुंदाताईंना सांगितलं. बाकीच्या सहा जणांना आम्ही उशिरा यायला सांगितलं होतं. मला वाटलं होतं इर्शाद खूश होईल. तो पांढराफटक पडला.

"तुला कुणी सांगितलं होतं हे करायला?" तो म्हणाला. "चाळीस लाख माणसांचा खेळ तू लाखभर माणसांसाठी देऊन टाकतेस? उद्या दीड वर्षानं पगार थकले की ही पोरं मला विचारतील. तुला नाही. तू त्याग करून मोकळी."

मी त्याला गाडीतळाचं सगळं सांगितलं. बबन शिरतोडे, निळा रंग, एकेचाळीस नंबरची विहीर. एकाच खेळाला माणूस दोन दिवसांत विटतो, मग तो शेजारच्या खोलीत जातो. आपल्या घरात शेजारची खोली आहे म्हणून तो घरात राहतो, हे मी काल डोळ्यांनी बघून आले. पाच ट्रॅक्टर केले तर पाच दारं एकाच खोलीत उघडतील. विहीर चुकली हे ऐकल्यावर तो जरा गडबडला आणि वहीत टिपून घेतलं, पण राग गेला नाही. मला उपकार नको, म्हणाला. आयुष्यभर तुझ्या तोंडाकडं बघताना मला तेच आठवायला नको.

कुंदाताईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. आता त्या वर्गातल्यासारख्या बोलल्या. "इर्शाद, बस खाली. तू तुझंच बोलतोयस. तिला काय पाहिजे ते तिला विचार."

त्यानं विचारलं नाही. पण बसला. कुंदाताईंनी मग स्वतःच विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"शैलजा, तुझं तू ठरवलंयस ना? आमच्यासाठी म्हणून नव्हे ना?"

"माझं मी ठरवलंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग मान हलवली आणि म्हणाल्या, "मग माझा होकार आहे."

इर्शादला रविवार दुपारपर्यंत वेळ लागला. दुपारी तो आमच्या घरी आला, ओसरीवर आप्पांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या भोपळ्याला आलेलं फूल बघितलं. जाताना मला म्हणाला की बबन शिरतोडेचा नंबर दे, विहिरीचं विचारायचंय. तो त्याचा होकार.

फेब्रुवारीत कागद झाले. डबल ट्रॉली बेंगळुरूला गेला. जाताना मी त्यातला एकेक आवाज शेवटचा ऐकला, आणि थोडी रडले, नाही असं नाही. पुढं कंपनीनं त्याचे खरोखरच पाच खेळ केले. त्यातले दोन चांगले आहेत. मी खेळून बघितले. चढावर त्यांचा ड्रायव्हर अजूनही पुढं झुकतो.

पहिलं दीड वर्ष वाईट गेलं. मी मांडव घालण्याचा एक खेळ केला, तो अकराशे लोकांनी घेतला आणि त्यातल्या हजारांनी काढून टाकला. एक मुलगा आणि एक मुलगी पुण्याला नोकरीला गेले, आम्ही त्यांना पेढे देऊन निरोप दिला आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या. मग इर्शादनं पुढची शंभर पत्रं काढली. गाडीतळावरनं ती कशी पसरली कोण जाणे, पण आधी सांगली-सोलापुरात आणि मग कर्नाटकात लोक खेळायला लागले, आणि त्यातलेच निम्मे 'परस'मध्ये जाऊन भाज्या लावायला लागले. पगार थकले नाहीत. एका महिन्यात पंधरवडा उशीर झाला, एवढंच.

मी मिरजेला जायला लागले. तिथं सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडं चार महिने रोज दुपारी बसले. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजती आस, काढताना ते तार आणि घोडीच्या मधे दोरा सरकवायचे आणि कान लावून ऐकायचे. कानानंच खेळायचा खेळ केला मी. पडद्यावर जवळजवळ काही नाही. दोरा सरकवायचा, ऐकायचं, तार बोलायला लागली की थांबायचं. आंधळी माणसंसुद्धा तो खेळतात, आणि त्यांची पत्रं येतात तेव्हा मी इर्शादच्या टेबलावर नेऊन ठेवते. आता आम्ही सोळा जण आहोत आणि आमचे सात खेळ आहेत. एकासारखा दुसरा नाही. नवीन येणारी मुलं पहिल्या दिवशी गोंधळतात.

शैलजानं त्याग केला, असं आमच्याकडं अजून म्हणतात. इर्शाद तर नव्या माणसाला ओळख करून देताना ते सांगतोच. मी पुष्कळ वर्षं ते ऐकून घेतलं. खरी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी मोठी नव्हती.

त्या दिवशी रसवंतीपुढं नाडगौडा एकेक मोजत गेले. ट्रॅक्टर नाही, ट्रक नाही, मोटरसायकल नाही, बैलगाडी नाही. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण त्यांच्या प्रत्येक 'नाही'बरोबर माझ्या छातीवरनं काहीतरी उतरत गेलं. शाळेत शिपाई वर्गात वही घेऊन आला आणि उद्या सुट्टी आहे असं कळलं की व्हायचं, तसं. मी तेहतीस वर्षांची होते आणि पाच वर्षं ट्रॅक्टरच्या चाकाखालचा चिखल कसा उडतो एवढाच विचार केला होता. आणखी दोन वर्षं, आणखी पाच खेळ, आणि नंतर मला कुणी दुसरं काही विचारलंच नसतं. आप्पांना अठ्ठावीस हंगाम कुणी विचारलं नव्हतं. मी बबनला शब्द दिला होता, ते खरं. इर्शादचा खेळ मला प्यारा होता, तेही खरं. पण मी सुटले म्हणून आधी हसू आलं, आणि ते दाबायला मी रसाचा ग्लास तोंडाला लावला.

हे सगळं मी कुंदाताईंना सांगितलं ते पाच वर्षं भरली त्या महिन्यात. नाडगौडांचा फोन आला होता. त्यांनी ती कंपनी सोडली होती, पण तारीख लक्षात ठेवली होती. आजपासून तुम्ही ट्रॅक्टर हाकायला मोकळ्या, म्हणाले. मला आठवणही नव्हती. फोन ठेवल्यावर मी ताईंच्या टेबलाशी गेले आणि बोलून टाकलं.

त्या साठीच्या झाल्या होत्या. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मला तेव्हाच दिसलं होतं," म्हणाल्या. "तीस वर्षं पोरांना चेहरे काढायला शिकवलेत. म्हणून तर हो म्हटलं. रडत दिलं असतंस तर घेतलं नसतं." मग त्या खुर्ची ओढून जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला. "आता माझं ऐक. पुरे झाल्या माझ्या भाज्या. मला भुताचा खेळ करायचाय."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. त्यांनी कपाटातनं चित्रांचं पुडकं काढलं. दोन वर्षं त्या घरी चोरून काढत होत्या. झेडपीची रिकामी शाळा, सुट्टीतली. फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेलं. बाकांच्या खाली पाय.

आठ महिन्यांनी पहिला भाग चालायला लागला. भर दुपारी, लख्ख उजेडात, खाली वाइंडिंगची मोटर घुमत असताना त्यांनी मला तो खेळायला बसवलं आणि स्वतः हाताची घडी घालून मागं उभ्या राहिल्या. मी व्हरांड्यातनं चालत गेले. सातवीच्या वर्गाचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. वळले, आणि फोन माझ्या हातातनं उडून इर्शादच्या टेबलाखाली गेला.

सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. कुंदाताईंनी वाकून फोन उचलला आणि पदरानं काच पुसली. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी त्या दिवसापर्यंत कधी बघितला नव्हता.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि फोन इर्शादच्या हातात दिला. "आता तू बस."